निळ्या रेघेला नांगर

कॉम्प्युटरात नातीगोती असतात असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी म्हणलं असतं, जा बाबा, सकाळी सकाळी डोकं नको खाऊ. पण असतात. विहिणी असतात, साडू असतात, जावा असतात, आणि एक घरजावईसुद्धा असतो. त्या घरजावयानं आमच्या सुनेच्या तोंडचा घास पळवलाच होता. तीच गोष्ट सांगते, मधे कोणी बोलू नका.

मी नवसाबाई. मखमलाबादला आमचा मळा हाय. लय मोठा नाय, पण कोथिंबीर, मेथी आणि दसऱ्याला झेंडू एवढं निघतं. माल मीच मोपेडवर मार्केटला नेते. आमच्या मालकांना गल्लीत चिमाजी नाना म्हणतात. मी त्यांचं नाव उखाण्यात घेतलं तेवढंच, आता तुम्हाला सांगायचं म्हणून तोंडातून गेलं, इथून पुढं नुसतं नाना म्हणते. नाना सातपूरला एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. तिरक्या फळीवर कागद ताणायचा, शाईच्या पेनानं रेघ मारायची, चुकली तर ब्लेडनं खरवडायची. पुढं कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि ह्यांना स्टोअरला बसवलं. तिथूनच रिटायर झाले. ते दुखणं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाय, पण माझ्या मेथीचे वाफे वाकडे म्हणून रोज बोल लावायचे, त्यावरून मी ओळखायची.

आणि आमची सून भाग्यश्री. मनमाडची, रेल्वेवाल्याची पोर. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. लग्न झालं तेव्हा अंबडला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर मशीनचे भाग काढायची. मग वेदिका झाली. पोर नाजूक होती, सारखी आजारी, तेव्हा हिनं नोकरी सोडली. आता वेदिका बालवाडीत जाते, घोड्यासारखी उड्या मारते, आणि हिला कोणी कामावर घेईना. जिथं जाईल तिथं एकच पालुपद, मॅडम, गॅप आहे. मला ह्या गॅपचं काय कळेना. पोर काय खुंटीला टांगून कामावर जायचं होतं?

एका ठिकाणी तर म्हणाले, तुमचा हात गंजला असेल. घरी आली ती पदर खोचून सरळ मेथी उपटायला बसली. रडली नाय. म्हणाली, "आई, आता एकच कंपनी राहिली. त्यांनी नाही म्हटलं की लॅपटॉप समाधानला देऊन टाकते आणि तुमच्याबरोबर मळ्यात येते." समाधान म्हणजे माझा पोरगा, तिचा नवरा. तो शिफ्टला जातो, त्याला लॅपटॉप काय गाणी ऐकायला?

मळ्यात येते म्हणाली तर मला बरं वाटायला पाहिजे होतं. आयती मदत. पण माझं काळीज तुटलं. कारण मी तिला काम करताना बघितलं होतं.

ते असं झालं. माझ्या मोपेडच्या मागं लोखंडी कॅरिअर हाय, वेल्डिंगवाल्यानं मोठ्या क्रेटच्या मापानं ठोकून दिलेला. कोथिंबिरीचा मोठा क्रेट त्यात झकास बसतो. पण मेथी थोडी असली की मी छोटा क्रेट नेते, मग तो एका अंगाला सरकतो, दोरीनं कितीही आवळा. एक दिवस हनुमानवाडीच्या वळणावर गाडीनं मला खाली ठेवलं. लागलं नाय फार, पण मेथी रस्ताभर, आणि दोन गाई लगेच जेवायला हजर. घरी येऊन मी वेल्डिंगवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भाग्यश्री मात्र गाडीभोवती फिरत होती, टेप घेऊन.

दुपारी आम्ही ओसरीत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतो. हिनं क्रेट उपडा घातला, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि काढायला लागली. मी डोकावले. काय तर एक चौकोन, तोही वेडावाकडा, वेदिकानं पाटीवर काढावा तसा.

मी म्हणलं, "अगं, चार वर्षांत खरंच गंजलीस की. सरळ तरी काढ."

"थांबा आई. आधी कसंही काढायचं, मग रेघांना सांगायचं कुणी कुणाशी कसं वागायचं. त्याला रिलेशन म्हणतात. काही ठिकाणी कन्स्ट्रेंट म्हणतात."

"रिलेशन म्हणजे नाती. नाती म्हण की मग."

तिनं माझ्याकडं बघितलं, हसली, आणि दोन रेघांवर टिचकी मारली. वाकड्यातिकड्या होत्या त्या एकदम शेजारी शेजारी सरळ झाल्या. "ह्या पॅरलल. जन्मभर शेजारून चालणार, पण एकमेकींच्या वाटेत कधी येणार नाहीत."

"ह्या जावा," मी म्हणलं. "आमच्या घरातल्या नाय, चांगल्या घरातल्या."

मग तिनं मधोमध एक तुटक रेघ काढली आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन रेघा. एक रेघ माऊसनं धरून बाहेर ओढली, तर दुसरी आपोआप तेवढीच दुसरीकडं सरकली. आत ढकलली, तीपण आत आली. म्हणाली, ह्याला सिमेट्रिक म्हणतात. मला काय सांगायची गरजच नव्हती. लग्नाच्या मांडवात समोरासमोर उभ्या राहिलेल्या विहिणी होत्या त्या. एकीनं मान जेवढी वाकवली, तेवढीच दुसरी वाकवणार, एक बोट कमी नाय की जास्त नाय.

त्या दिवशी जुड्या राहिल्या बाजूला. जी चार भोकं सारख्या मापाची पाहिजेत ते साडू झाले, एका साडूला जेवढा आहेर तेवढाच दुसऱ्याला, नाहीतर मांडवात रुसवा. गोल कोपऱ्याला नुसती टेकून पुढं जाणारी रेघ नणंद झाली. आणि बाजूला एक बारकं चित्र होतं, हुकासारखं. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, "नांगर."

"असला कुठं नांगर असतो? ह्यानं वाफा तरी निघंल का?"

"जहाजाचा नांगर हो आई. हा फिक्स. हा लावला की रेघ आहे तिथंच थांबते. कुणाशी नातं नाही, काही नाही, नुसती जागा धरून बसते. घाईत लोक सगळीकडे हाच लावून टाकतात, स्केच पक्कं दिसतं. मग एक माप बदललं की सगळं अडतं."

म्हणजे घरजावई, मी म्हणलं. बसला तो बसला. ती इतकी हसली की माझ्या मांडीवरची जुडी सुटली.

नाना आतून ऐकत होते. गप्प आले आणि मागं उभे राहिले. भाग्यश्रीनं त्यांना रंग समजावले. रेघ निळी असली म्हणजे अजून हलते, तिचं ठरायचंय. काळी झाली म्हणजे ठरलं. आणि लाल झाली म्हणजे भांडण, एकजण सांगतो इथंच थांब, दुसरा सांगतो सरक, बिचाऱ्या रेघेनं ऐकायचं कुणाचं?

"निळी कच्ची, काळी पक्की," नानांनी दोनदा म्हणून घेतलं.

मग तिनं क्रेटची रुंदी कमी केली. दोन्हीकडचे दांडे सारखेच आत आले, भोकं त्यांच्याबरोबर सरकली, कोपरे गोलच राहिले, आणि क्रेट मधल्या रेघेवर जसाच्या तसा. पुन्हा मोठी केली, सगळं बाहेर. नाना बघत राहिले. म्हणाले, "आम्हाला साहेबानं एक माप बदललं की अख्खा कागद नवीन काढावा लागायचा. तीन-तीन दिवस." आणि मग सुनेला म्हणाले, "पोरी, तू रेघा नाही काढत. तू रेघांना वळण लावतेस."

नानांच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल. मला त्यांनी उभ्या जन्मात एवढं चांगलं म्हणलेलं नाय. पण खरं सांगते, मला हेवा वाटला नाय, अभिमान वाटला. आपल्या घरात अशी पोर हाय आणि लोक तिला गॅप म्हणतात, ह्याचा मात्र संताप संताप झाला.

तर ती राहिलेली शेवटची कंपनी. अंबडची, शेतीची मशीनं करणारी. त्यांनी सांगितलं, मुलाखत लॅपटॉपवरच होईल, स्वतःचं एक काम दाखवा आणि आमच्यासमोर बदलून दाखवा. भाग्यश्रीनं ठरवलं, माझ्या मोपेडचा कॅरिअरच दाखवायचा. चार दिवस त्याच्यावरच बसली होती.

त्या दिवशी सकाळी घरात गडबड. ती वेदिकाला बालवाडीत सोडायला गेली. लॅपटॉप बाहेरच्या खोलीत उघडाच. नाना म्हणाले, एकदा नजर टाकतो. मी भाकरी थापत होते, मी काय लक्ष दिलं नाय. थोड्या वेळानं हात मागं बांधून आत आले, तोंडावर आठवड्याचा बाजार एकट्यानं उरकल्याचं समाधान. मला वाटलं, चहा पाहिजे असेल.

अकरा वाजता मुलाखत सुरू झाली. भाग्यश्री टेबलाशी, चांगला मोरपंखी रंगाचा ड्रेस घातलेला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड कोथिंबीर घेऊन बसले, तिथून पडदा दिसत होता. नाना टीव्हीजवळ उभे. पडद्यावर एक साहेब, केस पांढरे, चष्मा कपाळावर. नाव वाल्मीक सर.

"गॅप बराच आहे मॅडम," सर म्हणाले. झालं, पालुपद सुरू. "असू द्या. तुमचं स्केच दाखवा."

तिनं दाखवलं. कॅरिअर कशासाठी, क्रेट लहानमोठे कसे, सगळं नीट सांगितलं. म्हणाली, एकेक रिलेशन विचार करून लावलंय, आता रुंदी ओढून दाखवते. माऊसनं रेघ धरली आणि ओढली.

रेघ हलली नाय.

पुन्हा ओढली. ढिम्म. तिचा कान लाल झालेला मला मागून दिसला. सर म्हणाले, ओढून नाही तर माप टाकून बघा. तिनं माप टाकलं, आणि अख्खं चित्र लालबुंद झालं, वर एक चौकट आली इंग्रजीतून. लाल म्हणजे भांडण, एवढं मला कळत होतं. माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

भाग्यश्री घाबरली असेल, पण तिनं काय केलं सांगते. इकडंतिकडं टिचक्या मारत बसली नाय. एकेका रेघेवर गेली, जसं आपण ताप आलेल्या पोराचं अंग चाचपतो, आणि रेघेजवळ बारकी चित्रं उमटायची ती बघत गेली. विहिणी होत्या. जावा होत्या. साडू जागेवर होते. आणि क्रेटच्या डाव्या रेघेजवळ होता तो नांगर.

मी नानांकडं बघितलं. त्यांचा चेहरा दुधात पाणी घातल्यासारखा पांढरा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्यांना सकाळी निळी रेघ दिसली. निळी कच्ची, काळी पक्की. पोर विसरली, आयत्या वेळी फजिती होईल, म्हणून ह्यांनी मायेनं रेघेला नांगर लावला, डावी काळी झाली, तिच्याबरोबर उजवी विहीणपण काळी झाली, आणि हे सेव्ह करून भाकरी खायला आले. अर्ध्या हळकुंडानं पिवळे. मला त्यांच्या डोक्यात उलथनं घालावंसं वाटलं, आणि त्यांचं तोंड बघून घालवेना.

सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यावर घेतला. "हा फिक्स कुठून आला? तुम्ही तर म्हणालात, प्रत्येक रिलेशन विचार करून लावलंय." मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, स्पष्ट विचारतो. हे स्केच तुम्हीच काढलंय ना? की कुणाचं उचललंय?"

आता गॅप राहिला बाजूला, चोरीचा आळ आला. नाना एक पाऊल पुढं झाले, सांगायला. भाग्यश्रीनं मान वळवली नाय, पण टेबलाखाली डावा हात मागं केला आणि पंजा उघडला, थांबा म्हणून. नाना थांबले.

"मीच काढलंय, सर," ती म्हणाली. "तुमची खात्री व्हायला पाहिजे."

आणि तिनं सगळं निवडलं आणि पुसून टाकलं. चार दिवसांचं काम. पडदा धुतल्यासारखा कोरा. 

मग ती काढायला लागली. आधी मधली तुटक रेघ, ती खाली शून्याच्या ठिपक्याला बांधली. मग तोच वेडावाकडा चौकोन, मुद्दाम वाकडा. तिकडं नानांनी डोळेच मिटले, फळीवरची जुनी सवय. आणि मग तिनं एकेक नातं लावायला घेतलं. बाई, काय हात चालत होता तिचा. घाई नाय, गडबड नाय. एक नातं लावलं की चौकोनाची एक बाजू शहाणी व्हायची. दुसरं लावलं की दुसरी. ती एकही रेघ हातानं सरळ करत नव्हती, फक्त सांगत होती, तू हिच्याशी अशी वाग, आणि त्या ऐकत होत्या. मी जन्मभर माणसं वठणीवर आणायला बघतेय, मला एक नवरा सरळ करता आला नाय.

काम करता करता ती बोलतही होती, सरांना समजावत. आणि तंद्रीत तोंडातून निघून गेलं, "ह्या दोघी विहिणी झाल्या, आता हे चार साडू केले की झालं."

"कोण साडू?" सर म्हणाले.

तिचा हात थांबला. मी तोंडावर पदर घेतला. मीच शिकवलेली अवदसा.

"इक्वल, सर," ती हळूच म्हणाली. "घरी आम्ही साडू म्हणतो. सगळ्यांना सारखा आहेर."

 सरांच्या मिशीत काहीतरी हललं. म्हणाले, "चालू द्या."

झालं तिचं. रेघ धरली, ओढली, आणि दोन्हीकडचे दांडे डुलत बाहेर गेले, डुलत आत आले, क्रेट मधोमध. सर खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी तिला कॅरिअर लहान करायला सांगितलं, मोठा करायला सांगितलं, अगदी कपाटाएवढा मोठा करायला लावला. एकदाही लाल झालं नाय.

"छान आहे," ते म्हणाले. "पण रुंदी निळीच सोडलीत. कच्ची राहिली."

"कच्ची नाही, सर. मोकळी आहे."

"म्हणजे?"

"ते माप माझं नाही. माझ्या सासूबाईंचं आहे. त्या एक दिवस कोथिंबीर नेतात, एक दिवस मेथी. कधी मोठा क्रेट, कधी लहान. ते त्यांच्या मनावर. मी रुंदी पक्की केली, तर त्यांना माझ्या मापानं माल न्यावा लागेल. मी एवढंच बांधलंय, की त्यांनी काहीही नेलं तरी वजन मधोमध राहावं. त्या पडू नयेत."

दाराआड माझे डोळे भरले. लग्न होऊन मला पस्तीस वर्षं झाली. ह्या घरात माझ्यासाठी साडी आणली, तिचा रंग दुसऱ्यानं ठरवला. मोपेड आणली तीसुद्धा पोराच्या आवडीची. माझ्या मनावर म्हणून कोणी काही मोकळं ठेवलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि तेही कॉम्प्युटरात.

 सरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "शेवटचं विचारतो, सगळ्यांनाच विचारावं लागतं. मुलगी लहान आहे. सासू-सासरे आहेत. घरचे काही कन्स्ट्रेंट्स?"

 पोरीनं काय सांगायचं? हो म्हणलं तर नोकरी गेली, नाही म्हणलं तर खोटं. मला कॅमेऱ्यासमोर येऊ नका म्हणून दहादा बजावलं होतं. पण माझं डोकं आधीच त्या गॅपनं तापलेलं. मी उठले, कोथिंबीर हातात तशीच, आणि तिच्या खांद्याशी जाऊन उभी राहिले.

"साहेब, मी सासू," मी म्हणलं. "कन्स्ट्रेंट म्हणजे नातीच ना? ती हायत की. घरभर हायत. नातीला शाळेतून आणायला आजोबा हायत, भाकरी टाकायला मी हाय. नाती आहेत म्हणून काय अडत नाय, तुम्ही आत्ताच बघितलं. अडतं ते नांगरानं. तो एक होता, तो हिनं तुमच्या डोळ्यादेखत काढला. आता तुम्ही नवीन नका टाकू."

भाग्यश्रीनं कपाळाला हात लावला.

सरांनी मला बघितलं, कोथिंबीर बघितली. "आजी," ते म्हणाले, "तो नांगर टाकला कुणी होता?"

"मी," नाना मागून म्हणाले. पुढं आले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि साहेबापुढं उभे राहावं तसे उभे राहिले. "मी ड्राफ्ट्समन होतो, साहेब. सातपूरला, बोर्डावर. मला निळी दिसली. वाटलं, पोर विसरली. तिची चूक नाही."

सरांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "मीपण बोर्डावरच सुरुवात केली," ते म्हणाले. "ब्लेडनं बोट कापल्याची खूण आहे अजून." मग भाग्यश्रीला म्हणाले, "मघाशी सांगितलं का नाही? सरळ सांगायचं, सासऱ्यांनी लावला."

"सांगून काम चाललं नसतं, सर. काढून दाखवलं की चालतं."

कळवतो म्हणाले आणि पडदा काळा झाला.

नाना कोणाशी न बोलता मळ्यात गेले आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळ बसले. जेवायला आले नाय. मी बोलवायला जाणार, तर भाग्यश्रीच गेली, लॅपटॉप काखेत आणि हातात चहा. मी लांबून ऐकलं. ती म्हणत होती, "बाबा, तुम्हाला निळी रेघ दिसली. मागच्या ऑफिसात चार जण बघायचे, एकालाही दिसायची नाही. आता रोज संध्याकाळी माझं काम तुम्ही तपासायचं. फक्त मला विचारल्याशिवाय सेव्ह नाही करायचं." नाना म्हणाले, "हात नाही लावणार." ती म्हणाली, "हात लावा हो, विचारून लावा." मग त्यांनी चहा घेतला.

फोन आला तेव्हा आम्ही जुड्याच बांधत होतो. ती फोनवर नुसतं "हो सर, हो सर" करत होती आणि एका हातानं तीच जुडी पुन्हा पुन्हा गुंडाळत होती. फोन ठेवला आणि म्हणाली, "आई, सोमवारपासून." मला भडभडून आलं. मी म्हणलं, "जुडी सैल बांधलीस," आणि डोळे पुसले, जसं काही मी कांदा चिरत होते.

कॅरिअर आता झालाय. समाधाननं शिफ्ट बदलून त्याच वेल्डिंगवाल्याकडून करून आणला, हिचं ड्रॉइंग त्याच्यापुढं ठेवून. दांडे आत-बाहेर होतात, क्रेट मधोमध बसतो. हनुमानवाडीच्या वळणावर मी मुद्दाम जोरात जाऊन बघितलं.

सोमवारी ती निघाली. डबा घेतला, वेदिकाचा पापा घेतला, नानांच्या पाया पडली, माझ्या पडली. फाटकापर्यंत गेली. माझ्या जिभेवर आलंच होतं, सहाच्या आत घरी ये. सासू हाय मी, तेवढं तर येणारच. तोंड उघडलं, तेवढ्यात नाना माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "नवसे, नांगर."

मी गिळलं. नुसता हात केला.

फाटकाची कडी लावता लावता भाग्यश्री वळली. "आई, सहापर्यंत येते हो," म्हणाली आणि गेली. मी काही विचारलं नव्हतं.